नभोवाणीवरील संसार

राज्यपुनर्रचनेच्या वेळी, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जाम नदीकाठच्या पांढुर्णा या गावाची राजधानी एका रात्रीत बदलली. आदल्या दिवसापर्यंत ती नागपूर होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ती भोपाळ झाली. जुन्या मध्यप्रदेशातील नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा हिंदी बहुसंख्येचा म्हणून गणला गेल्यामुळे मध्यप्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाशी असलेला सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही जिल्ह्याबरोबर तिकडेच राहिला. सीमा आखणारांनी जिल्हा हे एकक धरले होते. जिल्ह्याच्या आत कोणत्या घरात कोणती भाषा बोलली जाते, हे नकाशावर दाखविण्याची सोय नसते.

बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवर होणाऱ्या गोटमारीमुळे, आणि व्यापाऱ्यांना ठाऊक आहे ते संत्र्यांमुळे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु घरातील व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर येथील माणसाचे जीवन गेली सहा-सात दशके दोन भाषांत विभागलेले आहे. कचेरीतील अर्ज हिंदीत, न्यायालयाचा कागद हिंदीत, आणि चुलीपुढचे बोलणे मराठीत. तेही पुण्याच्या पुस्तकांतील मराठीत नव्हे, तर ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ अशा शब्दांच्या नागपुरी-वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. शेजारी पवार समाजाची पवारी बोली आहे आणि सातपुड्याच्या चढणीवर गोंडी आहे. अशा ठिकाणी घरची भाषा ही पुष्कळदा केवळ घरापुरतीच उरते. तिला बाहेरून दुजोरा मिळण्याचे मार्ग थोडे. शाळेतील पुस्तक हा एक, कीर्तन-भजन हा दुसरा, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिसरा एक मार्ग उघडला, तो म्हणजे नभोवाणी.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींना राज्याची सीमा कळत नाही. पांढुर्णा नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आणि सौंसर त्याहूनही जवळ. तेव्हा राजधानी भोपाळला गेली तरी आवाज नागपूरहूनच येत राहिला. रात्रीच्या वेळी मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दिवसापेक्षा कितीतरी लांब जातात, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास माहीत असते. त्यामुळे मुंबईसारखे दूरचे केंद्रही रात्री कधी स्वच्छ, कधी खरखरीत असे लागू शकते. प्रारंभी हा यंत्राचा खोका गावातील मोजक्या घरांत असे. त्यासाठी डाकघरातून परवाना घ्यावा लागे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि तो खोका बैठकीतून उठून ओसरीवर, ओसरीवरून शेताच्या बांधावर गेला.

या लहरींवरून बातम्या येत, बाजारभाव येत, अभंग आणि नाट्यगीते येत. परंतु ज्या एका प्रकाराने ऐकणाऱ्याच्या घरात दुसरे घर आणून बसविले, तो प्रकार म्हणजे कौटुंबिक श्रुतिका. नवरा, बायको, एखादा आगंतुक दीर किंवा मेहुणा, आणि त्या दिवसाचा एखादा क्षुल्लक पेच, एवढ्यावर ती उभी असे. मुंबई केंद्रावरील ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकांनी हा प्रकार महाराष्ट्रभर रूढ केला. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशी यांचे टेकाडे भावजी, अशी ही तीन माणसे. नीलम प्रभू पुढे संगीतकार यशवंत देव यांच्या पत्नी म्हणून करुणा देव या नावानेही ओळखल्या गेल्या. या तिघांचे चेहरे श्रोत्यांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असतील, पण आवाज मात्र घरच्या माणसासारखे ओळखीचे झाले. ‘टेकाडे भावजी’ हे नाव तर न बोलावता येणाऱ्या आणि आल्यावर न जाणाऱ्या पाहुण्यासाठी कित्येक घरांत सहज वापरले जाऊ लागले.

अशा श्रुतिकेची बांधणी पाहण्यासारखी असते. रंगभूमीवर पात्र दिसते. नभोवाणीवर ते ऐकूच यावे लागते. म्हणून पात्रे थोडी ठेवावी लागतात आणि आवाज एकमेकांपासून अगदी भिन्न निवडावे लागतात. पडदा नाही, म्हणून दाराची कडी वाजते. दिवाणखाना नाही, म्हणून कपबशी किणकिणते. वेळ तर घड्याळाने बांधलेला असतो. श्रुतिका लांबली की तिच्या मागून येणाऱ्या गायनाचा वेळ जातो, आणि गवई काही आपला वेळ सोडावयास तयार नसतो. साहजिकच कथानकाला फाटे फुटू देता येत नाहीत. पंतांचा चष्मा हरवला असेल, तर तेवढ्यानेच काम भागले पाहिजे. चष्मा सापडेपर्यंत नवरा-बायकोच्या स्वभावाचा पुरा हिशेब श्रोत्यास कळलेला असतो. मोठ्या नाटकाला जे तीन अंकांत साधत नाही, ते काही वेळा या आखूड प्रवेशाला साधते. याचे कारण असे की पात्रांची ओळख करून देण्यात त्याला वेळ घालवावा लागत नाही. ओळख आधीच्या आठवड्यांत झालेली असते.

हे बीज मराठीत नभोवाणीच्या आधीचे आहे. चिंतामण विनायक जोशी हे बडोद्यास पालीचे अध्यापन करणारे विद्वान गृहस्थ. त्यांचा जन्म १८९२ चा, मृत्यू १९६३ चा. १९१६ साली त्यांनी पाली भाषेच्या अभ्यासासाठी इंग्रजीत एक पाठ्यपुस्तक लिहिले, आणि पालीचे जिज्ञासू आजही त्याचा आधार घेतात. पण मराठी वाचकाला ते ठाऊक आहेत ते १९३२ च्या ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि १९३३ च्या ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ या पुस्तकांमुळे. भित्रा, सज्जन, थोडासा बढाईखोर कारकून चिमणराव, त्याचा दांडगा, सोटाधारी भाऊ गुंड्याभाऊ, बायको काऊ, आणि मोरू, मैना अशी मुले. या कुटुंबावर काही मोठे संकट कोसळत नाही. बिऱ्हाड बदलावयाचे असते, बहिणीचे लग्न जमवावयाचे असते, आणि एवढ्याचे लेखकाच्या हातून महाभारत होते. बौद्ध ग्रंथांतील जातककथांचा दीर्घ सहवास घडलेल्या लेखकाला लहान कथेची ताकद ठाऊक असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. मास्टर विनायकांनी या कुटुंबावर ‘लग्न पाहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हे दोन बोलपट काढले. त्यांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले होते.

नेमका हाच मार्ग इंग्लंडातील घरगुती विनोदाने घेतला. आधी नभोवाणी, मग चित्रवाणी. तेथे त्याला एक वेगळे वळण मिळाले, ते नाताळाच्या सणामुळे. २५ डिसेंबरला इंग्लंडात दुकाने बंद, नाटकगृहे बंद, आगगाड्या जवळजवळ बंद. सकाळी उपासना, दुपारी भोजन, तीन वाजता राजाचा किंवा राणीचा संदेश (ही प्रथा पाचव्या जॉर्जने १९३२ साली सुरू केली), आणि त्यानंतर साऱ्या कुटुंबाने एका खोलीत बसून राहावयाचे. ज्या घरात आजी, नातवंडे, रुसलेला जावई आणि न बोलणारा काका एकत्र बसलेले असतात, त्या घरात काही तरी समाईक लागते. बीबीसीने १९५८ पासून नाताळाच्या रात्री ‘ख्रिसमस नाइट विथ द स्टार्स’ या नावाचा कार्यक्रम आरंभिला आणि तो १९७२ पर्यंत बहुतेक वर्षी झाला. वर्षभर लोकप्रिय ठरलेल्या विनोदी मालिकांतील पात्रांनी त्या रात्रीपुरता एकेक नवा, आखूड प्रवेश सादर करावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. अर्ध्या तासाची मालिका थोड्या मिनिटांत आटोपावयाची. सणाच्या दिवशी चुलते-मामे जसे घटकाभर भेटून जातात, तशी ही पात्रे घरोघर भेटून जात.

१९६२ च्या नाताळात अशा भेटीस आलेल्यांत ‘स्टेप्टो अँड सन’ मधील बापलेक होते. त्यांचा जन्म त्याच वर्षीचा. ५ जानेवारी १९६२ रोजी ते प्रथम दिसले. लंडनच्या एका वाड्यात भंगार आणि चिंध्या गोळा करणारा म्हातारा बाप आल्बर्ट आणि त्याचा चाळिशीकडे झुकलेला मुलगा हॅरॉल्ड. मुलाला घर सोडून जावयाचे असते, पुस्तके वाचावयाची असतात, वरच्या वर्गात मिसळावयाचे असते. आणि बाप त्याला दरवेळी युक्तीने, आजाराने, नाही तर केविलवाण्या चेहऱ्याने परत दाराशी आणून बांधतो. हे लिहिणारे रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन हे दोघे तरुणपणी क्षयरोगाच्या आरोग्यधामात रुग्ण होते. तेथेच त्यांची मैत्री झाली आणि रुग्णालयाच्या अंतर्गत नभोवाणीसाठी त्यांनी प्रथम विनोद लिहिला. ज्याला खाटेवरून उठण्याची परवानगी नाही, अशा माणसाने घराबाहेर पडू न शकणाऱ्या मुलाची कथा लिहावी, यात आश्चर्य कसले?

या मालिकेचा पगडा किती होता, हे राजकारणानेच सांगितले. १९६४ च्या ऑक्टोबरात सार्वत्रिक निवडणूक होती आणि मतदानाच्या संध्याकाळी या मालिकेचा एक भाग पुनःप्रक्षेपित होणार होता. मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांना भीती वाटली की आपले श्रमिक मतदार मत द्यावयास न जाता घरीच बसतील. त्यांनी बीबीसीचे प्रमुख ह्यू ग्रीन यांच्याकडे शब्द टाकला आणि भाग उशिरावर ढकलला गेला. विल्सन यांचा पक्ष अवघ्या चार जागांच्या बहुमताने निवडून आला. त्यातील किती जागांचे श्रेय भंगारवाल्या बापलेकांच्या गैरहजेरीस द्यावयाचे, हा हिशेब इतिहासकारांनी विनोदासाठीच राखून ठेवला आहे.

आखूड प्रवेशाचा उत्तम नमुना मात्र पुढच्या पिढीतील आहे. जॉन सुलिव्हन यांची ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ ही मालिका १९८१ मध्ये सुरू झाली. लंडनच्या पेकम भागातील उंच सरकारी इमारतीत राहणारे डेल आणि रॉडनी हे दोघे भाऊ आणि त्यांचे आजोबा. आई वारलेली, बाप परागंदा, धंदा रस्त्यावर काहीबाही विकण्याचा. २७ डिसेंबर १९८२ रोजी बीबीसीच्या ‘द फनी साइड ऑफ ख्रिसमस’ या संकलित कार्यक्रमात या कुटुंबाचा सुमारे आठ मिनिटांचा एक प्रवेश दाखविण्यात आला. डेलने दुर्बिणीसारखी घडी होणारी कृत्रिम नाताळ-झाडे विकावयास आणली आहेत आणि ती कोणी घेत नाही. भाबडा रॉडनी सुचवितो की एक झाड तरी जवळच्या चर्चला दान द्यावे. डेलला ही कल्पना फार आवडते. दान दिले जाते, आणि लगेच त्याच चर्चच्या नावावर उरलेली झाडे बाजारात खपविण्याची व्यवस्था होते. धर्मस्थळाची शिफारस मालाच्या विक्रीस जुंपण्याची ही कला केवळ पेकमपुरती मर्यादित आहे, असे आपल्याकडील कोणत्याही जत्रेत हिंडलेला मनुष्य म्हणणार नाही.

या आठ मिनिटांत धाकट्या भावाची सद्बुद्धी खरी आहे, थोरल्याची लबाडीही खरी आहे, आणि दोघांचे एकमेकांवरील प्रेम तर निर्विवाद आहे. उपदेश कोठेही नाही. जो विनोदी लेखक सणाच्या रात्री चर्चमधील प्रवचनाची नक्कल करू लागतो, त्याला प्रवचनही साधत नाही आणि विनोदही. सुलिव्हन यांनी तो मोह टाळला. याच कुटुंबाचा २९ डिसेंबर १९९६ रोजीचा भाग दोन कोटी त्रेचाळीस लाख प्रेक्षकांनी पाहिला. इंग्लंडातील विनोदी मालिकांच्या इतिहासात हा आकडा अजोड समजला जातो.

या इंग्रजी उदाहरणात मराठी श्रोत्याने लक्ष द्यावे अशी गोष्ट नाताळाची नाही, बोलीची आहे. प्रारंभीच्या बीबीसीवर निवेदक संध्याकाळी मेजवानीचा पोशाख चढवून ध्वनिक्षेपकापुढे बसत आणि त्यांचे इंग्रजीही तशाच इस्त्रीचे असे. तेथून स्टेप्टोंच्या भंगाराच्या वाड्यापर्यंत आणि ट्रॉटर बंधूंच्या पेकमपर्यंत येण्यास चार-पाच दशके लागली. परंतु विनोद शेवटी तेथे आला, आणि लंडनच्या खालच्या वस्तीतील उच्चार साऱ्या देशाच्या बैठकीत मानाने बसले. ज्यांच्या बोलण्याला आजवर हसले जात होते, त्यांच्या बोलण्याबरोबर लोक हसू लागले. हा बदल लहान नाही.

मराठीत हा प्रवास अर्धाच झाला. चिमणरावांचे घर पुण्याचे, पंतांचे घर मुंबईचे. दोन्ही घरे पांढरपेशी, पगारावर चालणारी. त्यांची मराठी शाळेच्या पुस्तकाच्या जवळची. पांढुर्ण्याच्या श्रोत्याला ते घर आपले वाटे, कारण त्यातील भांडण आपले होते. आणि परकेही वाटे, कारण त्या घरात ‘मला’ म्हणत, ‘मले’ म्हणत नसत. याचा अर्थ असा नव्हे की आकाशवाणीने बोलींकडे पाठ फिरविली. तिच्या ग्रामीण विभागांतून बोलीचा वावर होता, आणि पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात तर १९५५ पासून व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणदेशी बोलीचा कान असलेला लेखक होता. परंतु खते, बियाणे आणि कीटकनाशके यांच्या चर्चेत बोली असणे निराळे, आणि नवरा-बायकोच्या रुसव्यात ती असणे निराळे. पहिल्यात बोली उपयोगाची असते; दुसऱ्यात ती घराची मालकीण असते. सौंसरच्या संत्राबागेतील एखादे पंत आणि मीनावहिनी, दर आठवड्याला, आपल्या बोलीत, आपल्या देण्याघेण्याच्या कटकटींसह मराठी श्रोत्यांपुढे आल्या असत्या, तर सीमेपलीकडच्या मुलाने घरचा शब्द शाळेच्या फाटकाशी टाकून देण्याची घाई कदाचित केली नसती. शब्द शब्दकोशात नाही म्हणून सहसा मरत नाही. चारचौघांत तो उच्चारावयाची लाज वाटू लागली की मरतो.

नभोवाणी आणि इंग्लंड यांना जोडणारा एक दुवा मराठीत प्रत्यक्षच आहे. पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीत आले आणि पुढे चित्रवाणीच्या शिक्षणासाठी लंडनला बीबीसीकडे गेले. त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ हे पुस्तक जन्मास आले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी भारतातील पहिली चित्रवाणी सुरू झाली, तेव्हा तिच्या उभारणीत त्यांचा हात होता. ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘असा मी असामी’ यांतील माणसे बोलतात ती ध्वनिक्षेपकाची ओळख असलेल्या लेखकाच्या कानाने, हे त्यांचे एकपात्री प्रयोग ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते. मात्र घरगुती मालिकेच्या उद्योगात ते शिरले नाहीत. त्यांची प्रकृती एका माणसाच्या मैफलीची होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिमणराव पुस्तकातून निघून चित्रवाणीवर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी चित्रवाणीवरील घरगुती विनोदी मालिकेचा हा पाया. त्या वेळी मुंबई केंद्राचे क्षेत्र मुंबई-पुण्याच्या परिसरापुरते होते. नागपूरलाही ते दिसत नव्हते, मग पांढुर्ण्याची गोष्टच दूर. विदर्भाने आणि त्याच्या पलीकडच्या मराठी मुलखाने हे चिमणराव वर्तमानपत्रांत वाचले, पाहुण्यांच्या तोंडून ऐकले. पुढे उपग्रहवाहिन्या आल्या आणि अंतर मिटले. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत तेच प्रभावळकर आजोबा होऊन आले, तेव्हा पांढुर्ण्याच्या छपरांवरील तबकड्यांनी त्यांना त्याच क्षणी पाहिले जसे दादरने पाहिले. ही मालिका प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेली होती. घर मात्र पुन्हा शहरातलेच होते.

आता मुद्दा उरतो तो जपणुकीचा. त्या काळी चित्रफीत महाग असे आणि एकदा प्रक्षेपित झालेला विनोद पुन्हा कोणी पाहील, असे कोणास वाटत नसे. तीच फीत पुसून तिच्यावर नवे चित्रण करणे ही काटकसर समजली जाई. मुंबईच्या ‘चिमणराव’ मालिकेचे बहुतेक भाग असेच नाहीसे झाले. आज जे पाहावयास मिळते, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहे. हा दोष एकट्या आपला नाही. बीबीसीनेही आपल्या फिती निर्दयपणे पुसल्या. ‘स्टेप्टो अँड सन’ च्या १९७० नंतरच्या काही रंगीत भागांच्या मूळ फिती नष्ट झाल्या, पण गॅल्टन आणि सिम्प्सन यांनी आपल्यासाठी कृष्णधवल प्रती करून घेतल्या होत्या, म्हणून ते भाग वाचले; रंग गेला, माणसे राहिली. २००१ च्या सुमारास बीबीसीने हरवलेल्या कार्यक्रमांसाठी जनतेला रीतसर आवाहन केले, तेव्हा कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या दिवंगत वडिलांच्या पेटीतून कित्येक नभोवाणी-विनोद परत मिळाले. नभोवाणीपुढे ध्वनिमुद्रक ठेवून, घरातील मंडळींना गप्प बसवून, कोणी हौशी श्रोत्याने ते टिपलेले होते. एखाद्या फितीत मध्येच कोणी खोकले असेल. त्याचेही आता जतन झाले आहे.

असा हौशी श्रोता मराठी मुलखातही होता. १९७० आणि १९८० च्या दशकांत आखाती देशांतून येणाऱ्या नातेवाइकांनी कॅसेटचे यंत्र आणले नाही असे वाडे, चाळी आणि वाड्या थोड्या असतील. पुष्कळ घरांत त्या यंत्रावर नभोवाणीवरील गाणी उतरविली गेली, आणि गाणी उतरविताना मागची-पुढची श्रुतिकाही फितीत शिरली. अशा कॅसेटींवर पेन्सिलीने नाट्यगीताचे नाव लिहिलेले असते. दुसऱ्या बाजूला काय आहे ते कोणी तपासलेले नसते. ज्यांच्या कपाटात, नागपूरला असो, सौंसरला असो की वसईला, अशा जुन्या फिती असतील, त्यांनी त्या एकदम यंत्रात घालून वाजवू नयेत. दमट हवेत पडून राहिलेल्या फितीवर बुरशी धरते आणि चुंबकीय लेप सुटून यंत्राच्या मुखाला चिकटतो. पहिल्याच वाजविण्यात आवाज कायमचा जाण्याचा संभव असतो. फीत प्रथम कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती इतर फितींपासून वेगळी करावी आणि जाणत्या माणसाकडून स्वच्छ करून घ्यावी. लोहचुंबक असलेल्या ध्वनिवर्धकाजवळ तर ती मुळीच ठेवू नये. मग एकदाच, स्वच्छ मुखाच्या यंत्रावर, ती संगणकात उतरवून घ्यावी आणि तारीख, केंद्र व आवाज ओळखू येत असतील तर त्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. कारण आवाज ओळखणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे, आणि पंत कोण व भावजी कोण हे सांगणारे मनुष्य प्रत्येक घरात आहेच असे नाही.